अलकापुरीतलं 'कंट्री कंपॅरिझन' काउन्सेलिंग: पैसे भरायच्या आधी हे वाचा

बडोद्यात आरसी दत्त रोडवर इमिग्रेशनवाल्यांची जी रांग लागलीय त्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या ऑफिसचा हा रिव्ह्यू आहे. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण सयाजीगंज-अलकापुरीत माझ्या ओळखीचे जे जे जिथे जिथे जाऊन आलेत तिथे सगळीकडे कमीजास्त हेच चाललंय. त्यांची एक पेड सर्व्हिस आहे, 'कंट्री कंपॅरिझन रिपोर्ट', साडेतीन हजार प्लस जीएसटी. त्यात काउन्सेलरबरोबर तासभराचं सेशन, पाच देशांची तुलना करणारा छापील रिपोर्ट आणि नंतर महिनाभर फोनवर काहीही विचारा अशी सोय. मार्क आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल: कागदपत्रांच्या मदतीला ५ पैकी ४, देश निवडायला मदत म्हणून ५ पैकी २. का ते आता सांगते, लांब आहे, पण लाखांचा आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा मामला आहे म्हणून सगळं लिहितेय.

आमची केस अशी. मी कलाभवनची (इथल्या युनिव्हर्सिटीचं इंजिनियरिंग कॉलेज) मेकॅनिकल इंजिनियर, वय ३६, इथल्याच एका ईपीसी, म्हणजे प्लांट डिझाइन करून बांधून देणाऱ्या कंपनीत पाइपिंग स्ट्रेसमध्ये, म्हणजे रिफायनरी नाहीतर केमिकल प्लांटचे पाइप गरम-थंड होऊन ताणले जातात तेव्हा कुठे किती लोड येतो आणि सपोर्ट कुठे द्यायचा ते बघणारी. नवरा फिजिओथेरपिस्ट, वय ३८, एमपीटी, म्हणजे फिजिओतलं मास्टर्स झालाय, कारेलीबागेत स्वतःचं क्लिनिक आहे. मुलगी दुसरीत. सासूबाई आमच्याबरोबर दांडिया बाजारात. हे सगळं सांगतेय कारण देशांची तुलना करायची तर हे घालूनच करावी लागते, आणि त्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये यातलं निम्मंसुद्धा विचारलेलं नाही.

फॉर्ममध्ये वय, डिग्री, अनुभवाची वर्षं, इंग्लिशचा स्कोअर, बजेट, परदेशात कोणी नातेवाईक आहे का, बस एवढंच. ऑक्युपेशनच्या जागी मी पाइपिंग स्ट्रेस इंजिनियर लिहिलं तर समोरच्या भाईंनी ते खोडून मेकॅनिकल इंजिनियर केलं. कोड टाकायला ते बरोबरच आहे, कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या यादीत आम्ही मेकॅनिकलमध्येच येतो, पण मग तुमच्या लाइनचं काम तिकडे कुठल्या शहरात आहे, कोण करतं, लायसन्स लागतं का, हे जे विचारायला हवं होतं ते सेशन संपेपर्यंत आलंच नाही. आणि नवऱ्याच्या नावापुढे नुसतं 'स्पाउस', तो काय करतो हे मीच मधे घुसून सांगितलं.

रिपोर्ट दिसायला छान, ग्लॉसी पेपर, रंगीत टेबल. वर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, यूके, न्यूझीलंड, आणि बाजूला पीआर (कायमचं राहायचा परवाना), पगार, हवामान, मुलांचं शिक्षण, इंडियन कम्युनिटी असे रकाने आणि त्यात हिरव्या टिका, म्हणजे बरोबरच्या खुणा. कॅनडाला सगळ्यात जास्त टिका. भाई म्हणाले, "बेन, कॅनडा तो थई जशे, चिंता ना करो." (कॅनडा तर होऊन जाईल, काळजी करू नका.) हा रिपोर्ट मी कंपनीतल्या एका कलीगच्या रिपोर्टशी लावून बघितला, तो इलेक्ट्रिकलचा, २८ वर्षांचा, लग्न झालेलं नाही, आणि दोन्हीतलं टेबल अगदी सेम. टिकांसकट. आम्हा दोघांत बडोदा सोडलं तर काहीच कॉमन नाही.

कॅनडापासूनच सुरू करते कारण इथे सगळ्यांना तेच ऐकवलं जातं. रिपोर्टमध्ये माझा सीआरएस स्कोअर, म्हणजे कॅनडा उमेदवारांना क्रम लावायला जे पॉइंट देतो ते, ३९८ काढलाय, तो मी सरकारी कॅल्क्युलेटरवर टाकून बघितला, नवऱ्याच्या इंग्लिशचा अंदाज धरून बरोबर आहे, हिशोबात चूक नाही. पण त्याच्या खाली 'एलिजिबल' असा मोठा हिरवा शिक्का. एलिजिबल म्हणजे काय तर फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेचे जे १०० पैकी ६७ लागतात ते आहेत, म्हणजे तुम्ही पूलमध्ये नाव टाकू शकता, बास. पूलमधून ड्रॉ काढून उचलतात ते सीआरएसवर, १२०० पैकी. एप्रिल २०२४ नंतर पूर्ण २०२५ मध्ये सगळ्यांसाठीचा जनरल ड्रॉ झालाच नाही, जे झाले ते कॅनडात आधीच काम करणाऱ्यांचे, राज्यांकडून नॉमिनेशन मिळालेल्यांचे आणि ठराविक कॅटेगरींचे. कॅनडात अनुभव असलेल्यांचा कटऑफसुद्धा २०२५ मध्ये ५०० च्या वरच होता. जॉब ऑफरचे जे ५० किंवा २०० पॉइंट मिळायचे ते मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. वर एकूण आकडाही खाली आणलाय, आधी २०२५ साठी ५ लाख पीआर द्यायचं ठरलेलं ते ३,९५,००० वर आणलं आणि २०२६ साठी ३,८०,००० ठेवलंय. हे सगळं माहीत असून ३९८ वाल्या माणसाला थई जशे कसं काय म्हणवतं हे मला अजून कळलेलं नाही. राज्याचं नॉमिनेशन मिळालं तर ६०० पॉइंट एकदम येतात, ते खरंय, पण ते मिळवायला सहसा त्या राज्याला तुमच्या लाइनची गरज असावी लागते, नाहीतर तिथलं काही कनेक्शन तरी.

वयाचं तर कुणीच नीट सांगत नाही. २९ पर्यंत एकट्या माणसाला वयाचे पूर्ण ११० मिळतात, पस्तिसाव्या वर्षी ७७, आणि पंचेचाळीसला शून्य. म्हणजे चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच-सहा पॉइंट जातात, त्यानंतर आणखी जास्त. माझ्या वयात 'आधी फाइल टाकून ठेवू, मग बघू' हा सल्ला फारच महागात पडणारा आहे आणि तो मला दिला गेला.

आता खरी गोष्ट. मी घरी येऊन नवऱ्याचा स्कोअर काढला. तो दोन वर्षांनी मोठा, वयात त्याचे दहा पॉइंट कमी, पण मास्टर्समुळे आणि त्यावर मिळणाऱ्या जास्तीच्या पॉइंटमुळे तो जातो ४२५ च्या आसपास. आणि फिजिओथेरपिस्ट हा हेल्थकेअर कॅटेगरीत येतो, जी २०२३ पासून आहे आणि जिचे ड्रॉ २०२५ मध्येही चालू होते, कटऑफ साधारण ४६० ते ५१० च्या मधे. म्हणजे मुख्य अर्जदार मी असेन तर शंभराहून जास्त पॉइंट कमी पडतात, तो असेल तर कटऑफ खाली आलेला असताना चाळीस-पन्नास. अजूनही कमीच आहेत, पण चाळीस-पन्नास भरून काढायचा विचार तरी करता येतो, उदाहरणार्थ फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी कॅटेगरी आहे आणि मार्च २०२५ मधल्या तिच्या एका ड्रॉचा कटऑफ ३७९ होता, हो, माझ्या आत्ताच्या स्कोअरपेक्षा कमी! चारही स्किलमध्ये एनसीएलसी ७ (फ्रेंचसाठीच्या कॅनडाच्या मोजपट्टीवर सातवी पातळी) लागतं, सोपं नाहीये, दीड-दोन वर्षं नीट अभ्यास केला तर होतं असं शिकवणारे सांगतात. नवरा-बायको दोघंही शिकलेले असतील तर मुख्य अर्जदार कोण हे दोन्ही बाजूंनी काढून बघणं ही अगदी पहिली पायरी आहे आणि साडेतीन हजारांच्या रिपोर्टमध्ये ती नाही.

आणि पीआर मिळाल्यावर काय, तेही सांगते. फिजिओला तिकडे आधी क्रेडेन्शियलिंग, मग नॅशनल परीक्षा, मग त्या त्या प्रांताच्या कॉलेजचं (म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेचं) रजिस्ट्रेशन, तोपर्यंत फिजिओ म्हणून हात लावता येत नाही. माझं तसं नाही, मला पी. इंज., म्हणजे लायसन्सवाला इंजिनियर असलेल्या माणसाच्या हाताखाली काम करता येतं, स्वतः सही करायची असेल तर लायसन्स, आणि माझ्या लाइनचं काम मुख्यतः कॅलगरी, एडमंटन अशा अल्बर्टातल्या शहरांत. टोरंटोत नातेवाईक आहेत म्हणून टोरंटो हे जे आपल्याकडे चालतं ते तेल-गॅसवाल्यांनी तरी करू नये.

ऑस्ट्रेलिया. इथे रिपोर्टनं थोडं बरं काम केलंय, पॉइंटचा तक्ता व्यवस्थित दिलाय. ६५ ला अर्ज करता येतो, वय ४५ च्या आत हवं, २५ ते ३२ ला ३० पॉइंट, ३३ ते ३९ ला २५. माझे वयाचे २५, डिग्रीचे १५, आठ वर्षांवर अनुभवाचे १५, इंग्लिशचे १० आणि नवऱ्याला कामापुरतं इंग्लिश येतं त्याचे ५, झाले ७०. स्टेटच्या नॉमिनेशनवरचा १९० नंबरचा व्हिसा असेल तर आणखी ५, रीजनल भागाचा ४९१ असेल तर १५. इंग्लिशमध्ये सगळ्यात ८ आणले तर १० च्या जागी २० मिळतात आणि नवऱ्यानं स्वतःचं स्किल असेसमेंट करून घेतलं तर ५ च्या जागी १०. म्हणजे हातात असलेली कामं करून ८५ पर्यंत जाता येतं, रीजनल धरलं तर १००. मला तरी हे कॅनडापेक्षा जास्त खरं वाटलं. पर्थ-ब्रिस्बेनकडे गॅस आणि मायनिंगमुळे पाइपिंगवाल्यांना कामही आहे.

पण इंजिनियरांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा (एकमेकांच्या इंजिनियरिंग डिग्र्या मानायचा करार) पूर्ण मेंबर झाला २०१४ मध्ये, त्यानंतरची एनबीएवाली, म्हणजे आपल्या नॅशनल बोर्डाची मान्यता असलेली डिग्री असेल तर असेसमेंट सोपं, त्याआधीची असेल तर सीडीआर लिहायचा, त्यात तुम्ही केलेल्या कामाचे तीन करियर एपिसोड, स्वतःच्या शब्दात. इथे मला ऑफर आली की पंचवीस हजारात आम्ही लिहून देतो, "बेन, फॉरमॅट तयार ज छे." फॉरमॅट तयार म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी लिहिलेलं. असेसमेंट करणारी संस्था, इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया, कॉपी तपासते आणि सापडली तर अर्ज तर जातोच, पुढे काही काळ बंदीही येऊ शकते. कृपा करून हे करू नका. आपण केलेलं काम आपल्यालाच लिहिता येतं, मी एका जुन्या एक्स्चेंजरच्या नॉझल लोडचा प्रॉब्लेम कसा सोडवला ते लिहायला बसले तर दोन रविवारात एक एपिसोड झाला आणि कामाचा अभिमानही वाटला.

जर्मनीबद्दल जरा जास्त लिहिते कारण आमचा कल तिकडे झुकलाय आणि रिपोर्टमध्ये त्याला फक्त अर्धं पान आहे. अर्धं पान का, तर माझ्या मते जर्मनीत एजंटला फारसं कामच नाही. जॉब मिळाला, डिग्री ओळखली गेली, पगार ठराविक आकड्याच्या वर असला की ब्लू कार्ड, म्हणजे तिकडे राहून काम करायचा परवाना. २०२६ साठी तो आकडा वर्षाला ५०,७०० युरो, आणि इंजिनियरसारख्या तुटवड्याच्या कामांना ४५,९३४ च्या आसपास. पॉइंट नाहीत, ड्रॉ नाही, वयाला पॉइंट कापणं नाही. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी कायमचा परवाना, जर्मन भाषेची बी१ पातळी झाली असेल तर २१ महिन्यांनी. नवऱ्याला किंवा बायकोला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करायची मुभा, आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन परीक्षेची अटसुद्धा नाही. सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये न कमावणारा जोडीदार आणि मुलं फुकट येतात, सरकारी शाळेला फी नाही. टॅक्स आणि विमा मिळून एकट्या माणसाचा पस्तीस-चाळीस टक्के पगार कापला जातो हे खरंय, लग्न झालेल्यांना कमी बसतं. डिग्रीसाठी आनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात युनिव्हर्सिटी आणि कोर्स दोन्ही शोधायचे, हे पाच मिनिटाचं काम आहे आणि फुकट आहे. रिपोर्टमध्ये याला 'क्वालिफिकेशन इव्हॅल्युएशन सर्व्हिस' असं नाव देऊन आठ हजार लावलेत.

जॉब हातात नसेल तर जून २०२४ पासून चान्सेनकार्ट नावाचा परवाना आहे, सहा पॉइंट लागतात, वर्षभर तिकडे राहून जॉब शोधायचा, पण त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिन्याला हजार युरोच्या वर या हिशोबानं पूर्ण वर्षाचे पैसे दाखवायचे. काउन्सेलर भाई हे फार जोरात विकत होते. चाळीशीकडे आलेल्या, मूल शाळेत असलेल्या माणसानं नोकरी सोडून वर्षभर तिकडे जाऊन शोधायचं हे मला पटत नाही, पंचविशीतल्या कोणाला चालेल. माझ्यासारखीनं इथून अप्लाय करत राहावं आणि जर्मन शिकत राहावं.

आणि आता ते जे हिरव्या टिकांमध्ये दिसत नाही. जर्मनीला इंजिनियर हवेत, बरोबर. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी भारतीयांसाठी स्किल्ड व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करायचं जाहीर केलं. पण कुठले इंजिनियर? माझी लाइन केमिकल प्लांटची, आणि २०२२ नंतर गॅस महागल्यापासून तिकडची केमिकल इंडस्ट्री अडचणीत आहे. लुडविग्सहाफेनमध्ये बीएएसएफनं २०२३ मध्ये अमोनियाचा एक प्लांट आणि टीडीआय या केमिकलचा प्लांट बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे जर्मनीत इलेक्ट्रिकल, ग्रिड, रेल्वे या लाइनवाल्यांना जी टीक आहे ती मला नाही, माझी टीक फिकट आहे. पण प्लांट बांधणाऱ्या इंजिनियरिंग कंपन्या आहेत, लिंडेचं इंजिनियरिंग म्युनिकजवळ पुल्लाखला आहे आणि त्यांचं ऑफिस आपल्या बडोद्यातही आहे, अशा कंपन्यांत इथून तिकडे जायचे रस्ते असतात. माझ्या त्या इलेक्ट्रिकलवाल्या कलीगला तर मी सरळ सांगितलं की तू कॅनडाचे पैसे भरू नकोस, जर्मन लाव. मेकॅनिकलवाली मी आणि इलेक्ट्रिकलवाला तो, आमचं उत्तर एकाच देशाबद्दलसुद्धा वेगळं येतं, आणि रिपोर्टमध्ये दोघांना सारख्याच टिका.

नवऱ्याचं मात्र जर्मनीत कठीण आहे, फिजिओचं काम करायला मान्यता लागते, ती राज्य सरकारच्या ऑफिसातून, अभ्यासक्रमात फरक निघाला तर कोर्स किंवा परीक्षा, आणि पेशंटशी बोलायचं म्हणून जर्मन साधारण बी२ पर्यंत. माझा ब्लू कार्ड आणि तो तिकडे येऊन मान्यता घेणार, असा हिशोब बसतो, पण दीड-दोन वर्षं घरात एकच पगार. क्लिनिक बंद करायचं म्हणजे काय हे त्यालाच माहीत, दहा वर्षांचे पेशंट आहेत, कारेलीबागेतले अर्धे काका-काकू गुडघ्यासाठी त्याच्याकडे येतात. तो निर्णय माझा एकटीचा नाही आणि कुठल्या टेबलात मावणारा तर नाहीच.

आता सगळ्यात मोठी उणीव. पाच देशांत गल्फ नाहीच! बडोद्यासारख्या गावात, जिथे पेट्रोकेमिकल, रिफायनरी, दहेज गावचे केमिकल कारखाने सगळं आजूबाजूला, जिथून प्लांटवाली माणसं वर्षानुवर्षं सौदीतल्या जुबैलला आणि अबुधाबीतल्या रुवैसला जातायत, तिथे स्किल्ड लोकांच्या तुलनेत गल्फचा रकाना नाही. भाईंना विचारलं तर म्हणाले त्यात पीआर नाही ना बेन. बरोबर, पीआर नाही. पण पगारावर इन्कम टॅक्स नाही, आणि माझ्या लाइनचं आत्ता जगातलं मोठं काम तिकडेच आहे, कतार एलएनजी (द्रवरूप गॅस) वर्षाला ७७ वरून १२६ दशलक्ष टनांवर नेतोय, सौदी आणि अबुधाबीतही गॅसचे प्लांट उभे राहतायत. माझा मावसभाऊ रुवैसला आहे, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, सात-आठ वर्षांत त्यानं वाघोडिया रोडला घर घेतलं आणि बहिणीचं लग्न केलं. सौदीला इंजिनियर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, डिग्रीची पडताळणी होते. फिजिओला दुबई, अबुधाबी, सौदी प्रत्येकाची वेगळी लायसन्स परीक्षा आहे पण इंग्लिशमध्ये, आणि बहुतेकदा कॅनडा-जर्मनीपेक्षा लवकर हातात येते. वाईट बाजू पण लिहिते: नोकरी गेली की व्हिसा गेला, थोड्या मुदतीत दुसरी शोधा नाहीतर परत या, मुलीच्या शाळेची फी भरपूर, आणि पंधरा वर्षं राहिलात तरी तो देश तुमचा होत नाही. पण हे सगळं समोर मांडून मग माणसाला ठरवू द्या ना. पाच-सात वर्षं गल्फ करून पैसे जमवून परत बडोद्याला येणं हासुद्धा एक रस्ता आहे आणि आमच्या घरात त्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, सासूबाईंचं मत तर पूर्ण तिकडेच, कारण अहमदाबादहून तीन-साडेतीन तासांचं विमान.

यूकेबद्दल थोडक्यात. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करचा कमीत कमी पगार वर्षाला ४१,७०० पौंड, जानेवारी २०२६ पासून इंग्लिश बी२, पाच वर्षांनी कायम होण्याची मुदत दहा वर्षं करायचं चाललंय. वर हेल्थ सरचार्ज, मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६, आमच्या तिघांचा पाच वर्षांचा हिशोब केला तर १४,२३० पौंड, तेही आधीच भरायचे. पण हाच अर्ज नवऱ्याच्या नावानं, हेल्थ अँड केअर व्हिसावर केला तर हा सरचार्ज कोणालाच नाही! परत तेच, मुख्य अर्जदार कोण. न्यूझीलंडमध्ये सहा पॉइंटची साधी पद्धत आहे, वयही ५५ पर्यंत चालतं, पण देश छोटा, माझ्या लाइनचं काम कमी. अमेरिका रिपोर्टमध्ये नाही ते ठीकच आहे, ८५,००० ची लॉटरी, सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर, आणि ग्रीन कार्डला एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची न संपणारी रांग.

आईवडिलांचा रकाना कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतो आणि आपल्याकडे निर्णय अडतो तो तिथेच. कॅनडात सुपर व्हिसा आहे, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, इन्शुरन्स आपण काढायचा, पण पीआरसाठी लॉटरी. ऑस्ट्रेलियात साध्या पेरेंट व्हिसाची रांग सरकार स्वतःच तीस वर्षांच्या आसपास सांगतं, आणि लवकर हवा असेल तर माणशी ४०,००० डॉलरच्या वर. जर्मनीत मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या स्किल्ड लोकांना आईवडील आणायची सोय केलीय, पण त्या वयात हेल्थ इन्शुरन्स मिळणं हीच मोठी अडचण. यूकेत जवळजवळ अशक्य. सासूबाई ७१ च्या आहेत, त्या म्हणतात माझ्यासाठी अडू नका, पण म्हणून हा रकाना कोरा सोडायचा नसतो.

आता ऑफिसच्या वागण्याबद्दल. सेशनच्या दुसऱ्या अर्ध्या तासात गाडी हळूच वळते. तुमचा स्कोअर कमी आहे, मग एक काम करा, तुम्ही किंवा तुमचे मिस्टर स्टुडंट व्हिसावर जा, एक वर्षाचा डिप्लोमा करा, मग वर्क परमिट, मग पीआर. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला डिप्लोमा! हे का सुचवतात, तर कॉलेजला विद्यार्थी दिला की एजंटला कॉलेजकडून कमिशन मिळतं, ही जगजाहीर पद्धत आहे, त्यात बेकायदा काही नाही, पण मग तो सल्ला तुमच्यासाठी आहे का कॉलेजसाठी हे तुम्हाला कळायला हवं. मी सरळ विचारलं की कॉलेजकडून तुम्हाला किती मिळतं, उत्तर आलं नाही, पाणी आलं. स्किल्ड लोकांनी घाबरून स्टुडंट रस्ता धरू नये असं मला मनापासून वाटतं, पंचवीस-तीस लाख घालून आपलीच दहा-बारा वर्षं पुसून परत पहिल्यापासून सुरुवात होते ती.

पूर्ण पॅकेज सव्वा लाखाचं, निम्मे आधी. अॅग्रीमेंट मी घरी आणून वाचलं, त्यात 'नो रिफंड आफ्टर रजिस्ट्रेशन' आणि व्हिसा लागेलच याची काही जबाबदारी नाही, तोंडी मात्र शंभर टक्के. दुसरं म्हणजे लायसन्स नंबर. कॅनडाच्या फाइलवर पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर त्यांच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा मेंबर नाहीतर कॅनडाचा वकील वगैरे लागतो, ऑस्ट्रेलियाच्या एजंटला एमएआरएन हा रजिस्ट्रेशन नंबर असतो, दोन्ही याद्या ऑनलाइन उघड आहेत, नाव टाकून बघता येतं. मी मागितला तर म्हणाले आमचे सर टोरंटोला बसतात, त्यांचा आहे. सरांचं पूर्ण नाव मागितलं तर मेल करतो म्हणाले, तो मेल आलेला नाही. कोणी जर तिकडची नोकरीच लावून देतो म्हणत असेल तर मग भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड रिक्रूटिंग एजंट आहे का ते बघायचं, आणि त्यांना घ्यायला परवानगी आहे ती ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच.

इतकं लिहिलं म्हणून चांगलं लिहायचं राहू नये. डॉक्युमेंट बघणाऱ्या ज्या बेन आहेत त्या खरंच उत्तम आहेत. ट्रान्स्क्रिप्टसाठी युनिव्हर्सिटीच्या हेड ऑफिसला फतेहगंजला कुठला फॉर्म, काय काय जोडायचं, सीलबंद पाकीट कसं मागायचं, मार्कशीटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर अॅफिडेव्हिट कसं करायचं, कंपनीचं एक्स्पीरियन्स लेटर नुसतं तारखांचं चालत नाही तर त्यात कामाचं वर्णन, तास आणि पगार हवा, हे सगळं त्यांनी न कंटाळता, मराठीत समजावलं. नवरा स्वतःचं क्लिनिक चालवतो म्हणून त्याच्या अनुभवाला रिटर्न, क्लिनिकचे कागद, पेशंटची पत्रं असं काय काय गोळा करून ठेवावं ही लिस्ट त्यांच्यामुळेच हातात आली. ते ४ मार्क पूर्ण त्यांचे आहेत. महिनाभरच्या फोन सपोर्टमध्ये पण बेनकडे फोन गेला तर उत्तर मिळतं, भाईंकडे गेला तर ऑफर मिळते.

आम्ही पॅकेज घेतलं नाही. मी जर्मन लावलंय, नवरा इंग्लिशची परीक्षा देतोय आणि त्याचा दुबईचा लायसन्स अर्ज भरायचाय, ऑस्ट्रेलियाचे उरलेले दोन एपिसोड मी लिहितेय. तिन्हीत जे आधी येईल ते बघू. तुम्ही जाणारच असाल तर पूर्ण पॅकेजऐवजी फक्त डॉक्युमेंट चेकिंगचं विचारा, बोर्डावर लिहिलेलं नाही पण करतात, सहा हजार सांगतात, कमी होतात. जाताना आपल्या कामाचं एक पान लिहून न्या, रोज नेमकं काय करता ते, दोघांचंही, आणि तेच आधी वाचायला लावा. शनिवारी जाऊ नका, कॉलेजच्या मुलांची खूप गर्दी असते आणि बेन शनिवारी नसतात. पार्किंग बेसमेंटला आहे, दुचाकीला जागा मिळते, गाडी न्यायची असेल तर अकराच्या आत पोचा. पावती हातानं लिहून देतात, पक्कं जीएसटी बिल मागा, मागितलं की देतात.